'क्षारीय' म्हणजे क्षारयुक्त की चोपण?

शिरोळची लेक: एका हिंदी पत्रकाचं मराठी करतेय, शेतकऱ्यांना वाटायचंय. त्यात वाक्य आहे की 'क्षारीय' मातीत जैविक कार्बन घटतो. मी सरळ 'क्षारयुक्त जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी होतो' असं लिहिलं. आबांनी वाचलं आणि म्हणाले, पोरी हे चुकलंय, खाली जिप्सम टाका म्हणून लिहिलंस, मीठ फुटलेल्या रानाला जिप्सम कशापायी? काय लिहू?

माती तपासनीस: आबांचं बरोबर आहे ताई. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि मिठाला लवण, म्हणून तर १९६९ साली निघालेल्या करनालच्या खाऱ्या मातीवरच्या संशोधन संस्थेच्या नावात 'लवणता' आहे. आपण शाळेत आम्ल, आम्लारी, क्षार शिकलो, म्हणजे मराठीत क्षार हेच सॉल्ट. त्यांची 'क्षारीय' ती आपली चोपण, सामू म्हणजे पीएच ८.५ च्या वर आणि सोडियम मातीला चिकटलेला. आपली क्षारयुक्त म्हणजे विद्राव्य मीठ जास्त, विद्युत वाहकता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर, सामू ८.५ च्या आत, तिला निचरा आणि गोडं पाणी पाहिजे. जिप्सम चोपणला. शब्द चुकला तर माणसाचे पैसे मातीत जातात, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय.

ऊसवाला: आमच्याकडं सगळ्यालाच क्षारपड म्हणतात, वेगळं कोण काढत बसतंय. पण चोपण शब्द लई जुना, भुई चोपायचं लाकडी चोपणं असायचं बघा घरोघरी, तसली चोपून काढल्यागत घट्ट होते उन्हाळ्यात, कुदळ उडते वर.

पेन्शनर मास्तर: मला नाही पटत. चोपडा म्हणजे गुळगुळीत, ही जमीन भिजली की पाय घसरतो, त्यावरनं आला असणार.

ऊसवाला: मास्तर, घसरते ती वल्ली असताना, नाव वाळल्यावर पडलंय.

कोकणची सून: आमच्या माहेरी खाडीकाठच्या शेताला नुसतं खार म्हणतात आणि त्यात भात होतं. इथं येऊन कळलं की खारवट म्हणजे वाया गेलेली. एकच शब्द, घाट चढला की अर्थ बदलतो.

पेन्शनर मास्तर: क्षारचाच खार झाला. पण 'कर्ब' कुणाला कळतो? सरळ कार्बन लिहा.

माती तपासनीस: कर्ब शेतकऱ्याला पाठ आहे हो सर, माती परीक्षणाच्या कार्डावर ०.५ टक्क्याच्या खाली आला की विचारायला येतात. कार्बन म्हटलं की धूर आठवतो लोकांना. मुळात ते वाक्यच नीट बघायला पाहिजे. मीठ फुटलेल्या रानात पीक कमी, म्हणून मुळं-पाला कमी पडतो, पण जीवाणूही मंदावतात, मग पडलंय ते कुजतंय सावकाश, त्यामुळं कर्ब घटतोच असं सरसकट म्हणता येत नाही. त्यात कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅकची १९३४ ची पद्धत, कर्ब किती ते डायक्रोमेट नावाचं रसायन किती संपलं त्यावर मोजतात आणि मातीतलं क्लोराईडसुद्धा ते संपवतं, म्हणजे खाऱ्या मातीचा कर्ब आहे त्याहून जास्त दिसू शकतो. चोपणमध्ये मात्र सोडियमनं मातीचे कण सुटे होतात आणि ह्युमस, म्हणजे कुजून झालेला काळा सेंद्रिय भाग, विरघळून पाण्याबरोबर जातो.

ऊसवाला: हे मी बघितलंय! पावसानंतर आमच्या खालच्या पट्टीत साठतं ते पाणी कोऱ्या चहागत काळं, कडेला वाळलं की काळी कातडी धरते. वडील म्हणायचे रानाचा कस वाहून चाललाय. धैंचाचं हिरवळीचं पीक गाडलं तीन वर्षं, साखर कारखान्याची मळी टाकली, तेव्हा कुठं ढेकूळ हातात फुटायला लागलं.

शिरोळची लेक: म्हणजे 'चोपण जमिनीत' लिहू ना? का 'विम्लयुक्त'? उद्या छापायला द्यायचंय.

पेन्शनर मास्तर: विम्ल म्हणजे अल्कलीच, पण हा तर पुस्तकातच राहिलेला शब्द. पण चोपण घसरण्यावरनंच आलाय, मी अजून तेच म्हणेन.

ऊसवाला: थांबा मास्तर, आईचं बाभळीचं चोपणं माळ्यावर आहे अजून, संध्याकाळी काढून फोटो टाकतो.