यंदा फ्री सॉफ्टवेअर अवॉर्डला आपल्या ग्रुपतर्फे कोणाचं नाव पाठवायचं? (भांडा, पण रविवारच्या आत)

सेमीकोलन_विसरलो

मंडळी, दरवर्षीचा विषय परत आलाय. फ्री सॉफ्टवेअर (म्हणजे कोड कोणीही बघू-बदलू शकेल असं मुक्त सॉफ्टवेअर) फाउंडेशनच्या अवॉर्डसाठी ग्रुपतर्फे एक नाव पाठवायचं, यावर गेल्या रविवारी टपरीवर आपण सातजण दोन तास भांडलो, चहा-क्रीमरोलचं बिल झालं तीनशे चाळीस आणि नाव काही ठरलं नाही. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात: एक अवॉर्ड व्यक्तीला असतं (१९९८ पासून, पहिलं पर्ल या प्रोग्रामिंग भाषेवाल्या लॅरी वॉलला), एक समाजाला उपयोगी पडलेल्या प्रोजेक्टला (२००५ पासून, पहिलं विकिपीडियाला) आणि २०१९ पासून एक नवीन कॉन्ट्रिब्यूटरला. नाव कोणीही पाठवू शकतं, निवड मात्र समिती करते, आणि त्या समितीत आधीचे विजेते असतात. म्हणजे हे मतदान नाही, शंभर जणांनी तेच नाव कॉपी-पेस्ट करून पाठवलं तरी ढिम्म फरक पडत नाही, का द्यायचं ते नीट लिहिलेली एक मेल असली तर पडतो.

माझं मत असं की आपण नाव अशा माणसाचं पाठवावं जो एकटाच काहीतरी कंटाळवाणं सांभाळतोय. एक्सझेडचं आठवा. एक माणूस वर्षानुवर्षं फुकटात एक्सझेड ही कॉम्प्रेशनची लायब्ररी (बाकीचे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) सांभाळत होता, २०२२ मध्ये त्यानं मेलिंग लिस्टवर चक्क लिहिलं की मानसिक तब्येतीमुळे काम होत नाहीये आणि हा बिनपगारी छंद आहे, वर लोक त्याच्याच मागे लागले की दुसऱ्याला घे मेंटेनर म्हणून, आणि जो 'दुसरा' आला त्यानं २०२४ मध्ये त्या कोडमध्ये मागचा दरवाजा, म्हणजे घुसायची चोरवाट, बसवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच (लांबच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून. अर्धा सेकंद! आपल्या ऑफिसात व्हीपीएन लागायला चार मिनिटं लागतात, कोणी ढुंकून बघत नाही.

तर असा एकटा मेंटेनर मोडून पडायच्या आधी शोधायचा आणि त्याचं नाव पाठवायचं. बोला.

कर्नल_पॅनिक

शोधायचा म्हणजे कुठे शोधायचा राव, पंचांगात? आणि तू म्हणतोस तशा लोकांनाच ते देतायत की. २०१९ जिम मेयरिंग, २०२१ पॉल एगर्ट, २०२२ एली झारेत्स्की, २०२३ ब्रुनो हायबल. कामं अनुक्रमे कोअरयुटिल्स, टाइमझोन, ईमॅक्स, ग्नूलिब. सगळी मंडळी ग्नूच्याच (फाउंडेशनच्या पाठबळावरचा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट) वाड्यातली. समितीत आधीचे विजेते बसणार, ते ज्यांना ओळखतात त्यांनाच निवडणार, मग ते पुढच्या वर्षी समितीत. घरच्याच लग्नात घरच्यांनाच आहेर चाललाय. त्यात आपण अजून एक ग्नूवाला काका पाठवून काय साधणार?

जुना_सिसॅडमिन

कर्नल, एगर्टला 'काका' म्हणून उडवून लावू नकोस. तो टाइमझोनचा डेटाबेस सांभाळतो म्हणजे काय करतो हे कधी बघितलंयस का? कुठल्यातरी देशाचं सरकार आठ दिवस आधी जाहीर करतं की यंदा घड्याळ पुढे करणार नाही, की इकडे नवीन रिलीज काढायची पळापळ. २०११ मध्ये एका ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनं त्याच्यावर आणि आधीच्या मेंटेनरवर अमेरिकेत खटला भरला होता, का तर म्हणे जुन्या वेळांची माहिती आमच्या अ‍ॅटलासमधून घेतली. पुढे त्यांनी तो मागे घेतला, पण फुकटात काम करणाऱ्याच्या दारात समन्स येणं म्हणजे काय ते विचार करून बघ.

आणि एकदा त्या डेटाबेसमधली 'एशिया' नावाची फाइल नुसती मजकूर म्हणून उघडून वाच. कोड कमी, टिपा जास्त. कोलकात्याच्या झोनच्या वर मुंबई टाइमची हकीकत आहे, जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगार रस्त्यावर उतरले की आमची मुंबईची वेळ काढून स्टँडर्ड टाइम लादू नका. मुंबईचं घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, स्टँडर्डचं साडेपाच, फरक ३९ मिनिटांचा. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्याला ३९ मिनिटं म्हणजे किती ते माझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. हे सगळं आज आपल्या प्रत्येकाच्या सर्व्हरच्या पोटात आहे आणि आपल्याला पत्ता नाही. मी तीस वर्षं सर्व्हर सांभाळले, मला ही फाइल रिटायर व्हायच्या वर्षी कळली.

अशा माणसाला नाही द्यायचं तर कोणाला, रील बनवणाऱ्याला?

कर्नल_पॅनिक

काका, एगर्ट थोरच आहे, पण त्याला मिळून झालं ना. माझा मुद्दा पुढच्या नावाचा होता. बाकी मुंबई टाइमचं खरंच माहीत नव्हतं, फाइल उघडली आत्ता, अर्धा तास गेला कामाचा.

काना_मात्रा

मी गेल्या वर्षीही बोलले होते, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' झालं, म्हणून परत. आपण मराठी ग्रुप आहोत तर मराठीचं ज्यानं भलं केलं त्याचं नाव का नको? माझं नाव आहे बेहदाद एस्फहबोद, हर्फबझवाला.

हर्फबझ म्हणजे काय ज्यांना माहीत नाही त्यांनी 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द टाइप करून बघा. पहिला समुद्र, त्यात य वर रफार. दुसऱ्या डोंगरातल्या, त्यात य च्या आधी ती आडवी कोयरीसारखी चंद्रकोर. दोन्हीत र, हलन्त, य एवढंच आहे, फक्त दुसऱ्यातला र नुक्तावाला. हे मराठीचं खास लचांड आहे, हिंदीवाल्यांना याची गरजच पडत नाही, त्यामुळे एके काळी निम्म्या सॉफ्टवेअरमध्ये दऱ्याचा दर्या व्हायचा नाहीतर मधेच पाय मोडलेला र लटकत राहायचा. आमच्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेत 'दुसऱ्या' असाच छापून गेला होता, मोडक्या र सकट, दोनशे प्रती, आणि मुलाकडचे म्हणाले हे मुद्दाम केलंय. तर अक्षरांचे कोड घेऊन कुठलं कुठल्याला चिकटवायचं, वेलांटी उचलून मागे कुठे ठेवायची, हे ठरवणारी लायब्ररी म्हणजे हर्फबझ. फायरफॉक्समध्ये तीच, क्रोममध्ये तीच, लिब्रेऑफिसमध्ये तीच, अँड्रॉइडमध्येही तीच. हा धागा तुम्ही ज्यावर वाचताय त्यातही बहुतेक तीच. नावही मस्त आहे, हर्फ म्हणजे फारसीत अक्षर, ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकाराच्या नावाचं फारसी भाषांतर केलंय म्हणे.

इराणातून आलेल्या माणसानं आपला र नीट केला आणि आपण चाललोय ग्नूचे काका मोजायला.

ताक_फुंकून

ताई, भावना पोचल्या. पण हाच माणूस रेड हॅट, गूगल, फेसबुक अशा ठिकाणी पगारावर होता. पगार घेऊन केलेल्या कामाला स्वातंत्र्याचं अवॉर्ड? हर्फबझचं लायसनही एमआयटी छापाचं आहे, जीपीएल (पुढे वाटलेला बदललेला कोडही मुक्तच ठेवायला लावणारं) नाही. अ‍ॅपलला गूगलला जे हवं तेच झालंय ते, उद्या कोणीही बंद डब्यात घालून विकू शकतो.

आणि खरं सांगू का, मला मुळात मेल पाठवायचीच नाहीये. २०१९ ला फाउंडेशनचे संस्थापक स्टॉलमन पायउतार झाले, २०२१ ला बोर्डावर परत आले, तेव्हा किती संस्थांनी हात वर केले आठवतंय ना, रेड हॅटनं तर पैसेच थांबवले. त्या संस्थेच्या शाबासकीसाठी आपण रांगेत का उभं राहायचं?

काना_मात्रा

पगार घेतला म्हणून काम कमी होतं का? मग शाळेतल्या बाईंना आदर्श शिक्षक पुरस्कार देऊ नका, त्यांनाही पगार आहे. एमआयटी लायसन मुक्तच असतं, एफएसएफच्या (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या) स्वतःच्या यादीत ते मुक्त म्हणून आहे, नियम वाचून ये. आणि रेड हॅटचं नाव काढलंसच तर लोहित फॉन्ट पुण्यातल्या रेड हॅटच्याच लोकांनी सांभाळला, तेही पगारावरच, आणि कित्येक वर्षं लिनक्सवर मराठी दिसायची ती त्याच्यातच. दिसायला काही सुंदर नव्हता, पण दिसायची.

बोस्टनकर

इकडून दोन शब्द. हे अवॉर्ड फाउंडेशनच्या लिब्रेप्लॅनेट परिषदेत द्यायचे, २०१८ ला ती इथे एमआयटीत होती आणि मी प्रेक्षकात होतो. तेव्हा २०१७ चं अवॉर्ड कॅरन सँडलरला दिलं. ती पेशानं वकील. तिच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलंय, त्यातला कोड बघायला मागितला तर कंपन्या देईनात, पुढे ती गरोदर असताना त्या यंत्रानं साधी धडधड चुकीची ओळखून तिला उगाचच झटके दिले. तिनं तेव्हापासून हे सगळीकडे जाऊन सांगितलंय. कर्नलला आणि सेमीकोलनला दोघांनाही म्हणून सांगतो, यादी फक्त कोडवाल्यांची नाहीये. २०१८ डेब निकल्सन, २०२० ब्रॅडली कून, हे लायसन, संघटना, कोर्टकचेऱ्या करणारे लोक. म्हणजे 'सगळे ग्नूचे काका' हे चार वर्षं निवडून काढलेलं आकडेशास्त्र आहे कर्नलभाऊ.

स्टॉलमनच्या मुद्द्यावर ताकशी निम्मा सहमत आहे, इथे अजूनही लोक त्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत. पण अवॉर्ड त्या माणसाला जातं ना, संस्थेला नाही.

कर्नल_पॅनिक

ठीक, आकडेशास्त्र मान्य. पण मग वकील, कार्यकर्ते, फॉन्टवाले, काका, सगळेच चालणार असतील तर आपला निकष काय? 'मला आवडतो' हाच ना?

सेमीकोलन_विसरलो

निकष माझा पहिल्या पोस्टमध्येच आहे की, वेळेवर पोचणं. वर्नर कॉखचं बघ. जीपीजी (मेल-फाइली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) एकट्यानं ओढलं, २०१३ च्या सुरुवातीला सोडून नोकरी धरणार होता, मग स्नोडेनची सरकारी पाळतीची बातमी आली म्हणून राहिला. फेब्रुवारी २०१५ ला त्याच्यावर लेख आला की हा कफल्लक आहे, तेव्हा फेसबुक आणि स्ट्राइप प्रत्येकी ५० हजार डॉलर घेऊन धावले. आणि अवॉर्ड? मार्च २०१६. वरात जेवून गेल्यावर घोडं सजवलं. बेहदादला उद्या नाही मिळालं तरी त्याचं काही अडणार नाही, जगात त्या कामाचे सगळे त्याला ओळखतात. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला एक मेल पुष्कळ असते.

जुना_सिसॅडमिन

सेमीकोलन, इथे मी तुझ्या विरोधात जातो, आतापर्यंत तुझ्याच बाजूनं बोलत होतो तरी. दमलेल्या माणसाला अवॉर्ड देणं म्हणजे त्याला मदत नव्हे. मला निवृत्तीच्या आदल्या वर्षी ऑफिसनं 'बेस्ट एम्प्लॉयी' दिलं, शाल, नारळ, फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून साहेब म्हणायला लागले की आता तुम्ही तर बेस्ट, नाइट शिफ्टचंही तुम्हीच बघा. जोडीला माणूस मागत होतो तीन वर्षं, तो शेवटपर्यंत दिला नाही. एक्सझेडवाल्याला अवॉर्ड मिळालं असतं तर काय झालं असतं? त्याच्यावर अपेक्षांचं अजून एक ओझं. त्याला हवा होता तो पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तपासणारा भरवशाचा माणूस.

ताक_फुंकून

पहिल्यांदाच या धाग्यात कोणीतरी शहाणं बोललं.

फक्त_वाचक

मी सहसा लिहीत नाही पण विचारतो. इतकं लांब कशाला जाताय, काना_मात्रा ताई स्वतः किती वर्षं मराठी भाषांतरं करतायत, त्यांचंच नाव का नाही पाठवत? मी जे ऑफिस सूट वापरतो त्यातला निम्मा मेनू त्यांचा असेल.

कर्नल_पॅनिक

+१. हे कोणालाच कसं सुचलं नाही. निकषही बसतो, कंटाळवाणं काम, एकटीनं, फुकटात.

सेमीकोलन_विसरलो

मला चालेल. ताईंना पटलं तर मेलचा मसुदा आज रात्री लिहितो.

काना_मात्रा

नको. आणि हे लाजून म्हणत नाहीये. एक तर आठ वर्षांपूर्वी आम्ही पाचजण होतो, त्यातल्या चौघांची नोकरी-संसार-परदेश झालं, सगळं माझ्या एकटीच्या नावावर दिसतं ते त्यांचंही आहे. दुसरं काकांनी सांगितलंच, शाल आणि नाइट शिफ्ट. आत्ता माझ्याकडे ४१२ स्ट्रिंग (मेनू-बटणांवरच्या भाषांतरित ओळी) तपासायच्या पडून आहेत, मीच लिहिलेल्या, आणि मीच तपासल्या तर त्याला काही अर्थ नाही. टपरीवर सातजण दोन तास बसला होतात ना, माणशी साठ आल्या. तेवढं करा, मग रविवारी ज्याचं पाठवायचं त्याचं नाव पाठवा, माझं मत बेहदादलाच.

फक्त_वाचक

मी साठ घेतो. पण मला कोड येत नाही.

काना_मात्रा

मराठी येतं ना? बास. लिंक ग्रुपवर टाकते.

ताक_फुंकून

मीही घेतो, अवॉर्डपेक्षा हे बरं. पण आधीच सांगतो, ते 'जतन करा' मी पास करणार नाही. फाइल काय म्युझियममध्ये ठेवायचीये? सरळ 'सेव्ह करा' लिहा.

जुना_सिसॅडमिन

'सेव्ह' लिहायचं तर भाषांतर कशाला करायचं? 'साठवा' चांगला शब्द आहे.

कर्नल_पॅनिक

साठवा म्हणजे गहू वाटतो काका, पिंपात.

बोस्टनकर

माझ्या मुलीला इथे 'साठवा' कळतं आणि 'जतन' कळत नाही, एवढंच नोंदवून ठेवतो. साठ मलाही पाठवा.

सेमीकोलन_विसरलो

अरे 'सेव्ह'चा वेगळा धागा काढा, तिथे मीही भांडायला येतो. इथे आत्तापर्यंत बेहदाद एक, एकटा मेंटेनर एक (मीच), आणि ताकचं 'पाठवूच नका' एक. कर्नल आणि काका, तुमचं मत नक्की कुणाला ते एका ओळीत लिहा. मेल रविवारी संध्याकाळी जाणार, मुंबई टाइमप्रमाणे नाही, स्टँडर्ड.