अनुभव धागा: छोट्या कॉलेजचा स्पोर्ट्स वीक (फक्की, बॅटन, दोर आणि सेव-उसळ)

मांजलपूरकर
काल माळा आवरताना पीव्हीसीचा एक तुकडा खाली पडला. लांबी ३० सेंमी, भगवा रंग अर्धा उडालेला. घरचे म्हणाले, प्लंबर विसरून गेला असेल. रिले धावलेल्यांना सांगायला नकोच.

डिसेंबर आलाय. बडोद्यातल्या लहान हायर सेकंडऱ्यांमध्ये (आपल्याकडे 'ज्युनियर कॉलेज' फक्त पुण्याहून आलेले पाहुणे म्हणतात) स्पोर्ट्स वीक लागतील. मार्चमध्ये बोर्ड आणि त्याआधी प्रॅक्टिकल, त्यामुळे हाच महिना. दोन तुकड्या, एकच पीटी सर, मैदान जेमतेम. तर ज्याला जे येतं ते इथे टाका. "आमच्या वेळी" नको, मापं द्या.

सुरुवात माझी. बाहेरून ४० मिमी व्यासाचा १० फुटी पाइप घ्या, ३० सेंमीचे दहा बॅटन (रिलेत हातोहात द्यायच्या नळ्या) निघतात. नियमात २८ ते ३० सेंमी लांबी आणि किमान ५० ग्रॅम वजन आहे, पाइपचा तुकडा त्यात आरामात बसतो. कापल्यावर दोन्ही तोंडं काचपेपरने गोल करा. नाहीतर पहिल्याच बदलीत घेणाऱ्याचा तळवा फाटतो आणि मग बॅटन पडला म्हणून त्यालाच शिव्या.

दांडियाबाजारी
४०० मीटरचा ट्रॅक विसरा, २०० चा आखा. चार लेनसाठी सुमारे ८८ बाय ४८ मीटर जागा लागते, भोवती मोकळी जागा धरून ९५ बाय ५५ असली तर बरं.

दोन सरळ बाजू ४० मीटरच्या. राहिले १२० मीटर दोन वळणांचे, म्हणून धावण्याच्या रेषेची त्रिज्या १९.१० मीटर. आता इथे सगळे चुकतात. आतल्या कडेला उंच कठडा नसेल, नुसती फक्कीची रेघ असेल, तर धावणारा रेघेपासून २० सेंमी बाहेर धावतो असं धरतात. म्हणजे रेघ मारायची १८.९० वर, १९.१० वर नाही. लेन १.२२ मीटरची, आणि त्यात बाहेरची ५ सेंमीची रेघ धरलेली असते.

त्रिज्या नायलॉनच्या दोरीने फिरवू नका. दोरी ताणली जाते, त्रिज्या १० सेंमीने चुकली तर फेरीत ६३ सेंमीचा फरक पडतो. बांधकामवाल्याकडची बारीक तार घ्या किंवा सरळ टेपच फिरवा. काटकोनाला ६-८-१० चा त्रिकोण, आणि शेवटी आयताचे दोन्ही कर्ण मोजून सारखे येतात का बघा. नाही आले तर चहा पिऊन पुन्हा.

रावपुऱ्याची सून
काका, बाहेरची फेरी लांब भरते म्हणून स्टार्टला लेन २ वाल्याला पुढे किती उभं करायचं? गूगलवर ७.०४ येतं.

दांडियाबाजारी
सूनबाई, ७.०४ कठडा असलेल्या ट्रॅकचं, तिथे पहिली लेन ३० सेंमीवरून मोजतात आणि बाकीच्या २० वरून. आपल्या फक्कीच्या ट्रॅकवर सगळ्याच लेन २० वरून, म्हणून एका पूर्ण फेरीला प्रत्येक लेन ७.६७ ने पुढे. दुसरी ७.६७, तिसरी १५.३३, चौथी २३.००. गंमत म्हणजे ट्रॅक २०० चा असो की ४०० चा, हा आकडा तोच, कारण तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. २०० मीटरची शर्यत म्हणजे आपल्याकडे एक फेरी. १०० मीटरला एकच वळण, तेव्हा निम्मं: ३.८३.

आणि टेप सरळ ओढून हे मोजू नका!! वळणावर टेप लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंमी बाहेर, वळणाबरोबर वळवत न्यायचा, दर मीटरला खिळा. चौथ्या लेनला २३ मीटर टेप ताणून सरळ मोजलेत तर खरं अंतर २४ च्या वर भरतं. त्या पोराला एक मीटरहून जास्त फुकट. मग हाउसमास्तरांची भांडणं तुम्ही मिटवा.

सुरसागरची बगळी
😂😂 भांडणं तशीही होतातच. बाहेरचा पुढे उभा दिसला की पालक बोंबलतात "ए चीटिंग!". ४ बाय १०० रिलेला तर दोन फेऱ्या, चौथ्या लेनचा ४६ मीटर पुढे उभा. स्टार्टच्या आधी माइकवरून समजावून सांगा, दोन भाषांत.

फक्कीबहाद्दर
फक्कीवरच लिहितो. चार लेनला पाच रेघा, मिळून सुमारे १०७० मीटर. मीटरला ५० ग्रॅम धरली तरी पन्नास-पंचावन्न किलो, म्हणजे २५ किलोची दोन पोती आणि वर थोडी. कळीचा चुना अजिबात नको. तो पाण्याला लागला की तापतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. विझवलेला चुनासुद्धा घामट पायांना जाळतो. खडूची किंवा संगमरवराची भुकटी आणा. आधी सुतळी ताणायची, मग पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून हलवत जायचं. रेघा आदल्या संध्याकाळी आखा, पण दव पडतं, म्हणून सकाळी फक्त स्टार्ट, फिनिश आणि बदलीच्या खुणा पुन्हा मारा. सगळा ट्रॅक परत आखायला बसलात तर पहिली हीट अकराला निघेल.

रावपुऱ्याची सून
शेवटच्या रात्री त्याच मैदानावर गरबा असतो हो आपल्याकडे, अनवाणी! भुकटीचं बरं सांगितलंत भाऊ.

मांजलपूरकर
गरबा वळणाच्या आतल्या गोलात ठेवा. लांब उडीच्या खड्ड्यापासून लांब. अंधारात खड्डा दिसत नाही.

पीटीवाल्या मॅडम
लांब उडीबद्दल घाईत, मुलांची परीक्षा चालू आहे. पाटी (जिच्यावरून उडी घ्यायची ती) २० सेंमी रुंद, १.२२ मीटर लांब, जमिनीच्या पातळीत. खड्डा किमान २.७५ मीटर रुंद. पाटीपासून खड्ड्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत किमान १० मीटर. पाटी आणि वाळू यांत १ ते ३ मीटर चालतं, आपल्या मुलामुलींना १ च ठेवा, नाहीतर मुली कडक मातीवर उतरतात. वाळू आदल्या दिवशी फावड्याने खणून उलटी करा आणि ओली करा. कोरडी वाळू खूण धरत नाही, मागे टेकलेला हात दिसतच नाही आणि त्याच उडीवरून वाद होतो. मोजायचं वाळूतल्या सर्वात जवळच्या खुणेपासून पाटीच्या रेषेला काटकोनात, पायापासून नाही.

गोळा: १८ खालच्या मुलांना ५ किलो, मुलींना ३. कपाटात १६ पौंडी म्हणजे ७.२६ चा पडलेला असतो, तो मुलांना देऊ नका, खांदे जातात.

दांडियाबाजारी
मॅडमनी गोळ्याचं सेक्टर (गोळा ज्या दोन रेघांत पडायला हवा ती जागा) राहू दिलं, मी पूर्ण करतो. ३४.९२ अंश कोनमापकाने कोण मोजणार. वर्तुळाच्या (२.१३५ मीटर व्यास) केंद्रापासून १० मीटरवर दोन रेघांत ६ मीटर अंतर ठेवा, २० वर १२. झालं. टेपचा शून्य गोळ्याच्या खुणेकडे, दुसरं टोक केंद्रावरून ओढायचं, वाचन वर्तुळाच्या आतल्या कडेला. सेंमीचा तुकडा आला तर खालचा धरा.

हुतूतू
कबड्डी कुणी विसरू नका रे. मुलींचं मैदान १२ बाय ८, पुरुषांचं आणि ज्युनियर मुलांचं १३ बाय १०. बऱ्याच शाळा सगळ्यांना १३ बाय १० वर खेळवतात, मग मुलींची चढाई मध्येच दमते, कारण ३० सेकंदांत बोनसच्या रेघेपर्यंत जाऊन यायचं असतं. मुलींना बॉक लाइन (चढाईत ओलांडावीच लागते ती रेघ) मध्यरेषेपासून ३ मीटर, तिथून बोनस १ मीटर पुढे. माती चाळणीने चाळून घ्या. एक खडा म्हणजे एक गुडघा.

आणि बडोद्याने हे विसरू नये: १९२३ मध्ये अखिल भारतीय हुतूतू स्पर्धा इथेच झाली होती. आता पोरं टीव्हीवरच्या लीगचा टी-शर्ट घालून येतात आणि विचारतात, लॉबी (मैदानाच्या दोन्ही कडांचा पट्टा) म्हणजे काय.

सुरसागरची बगळी
प्रो. माणिकरावांच्या गावात लॉबी विचारतात, अरेरे. त्यांचा आखाडा, जुम्मादादा व्यायाममंदिर, दाखवून आणा त्यांना.

सयाजीबागेतली खार
रस्सीखेच! सगळ्यात जास्त गर्दी तिथे आणि सगळ्यात जास्त मूर्खपणाही तिथेच. आठ-आठ गडी. दोर किमान ३३.५ मीटर लांब, घेर १० ते १२.५ सेंमी. मधोमध लाल पट्टी, दोन्हीकडे ४ मीटरवर पांढरी. जमिनीवर मध्यरेषा एकच. समोरच्यांची पांढरी पट्टी ती ओलांडून आली की जिंकलात. तीनपैकी दोन.

नायलॉनचा दोर आणू नका. तुटला तर चाबकासारखा परत येतो, शिवाय हातातून सरकला की सालटं काढतो. गाठी नकोत. दोर मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायचा नाही, हे प्रत्येक टीमला वेगळं सांगा, कारण बोटं खरंच जातात. शेवटचा गडी दोर काखेखालून पाठीवरून तिरका नेऊन दुसऱ्या खांद्यावरून पुढे घेतो, कमरेला बांधत नाही. पाय मोकळे हवेत, पडला तर सुटता आलं पाहिजे.

रावपुऱ्याची सून
आमच्या घरात शेवटचा गडी ठरलेलाच 😄 (नाव नाही घेत)

फक्कीबहाद्दर
वजनावर ठरवता का गडी, की दंडावर?

सयाजीबागेतली खार
मांड्यांवर 😄 हाताने ओढणारा पहिल्या मिनिटात संपतो. पाठ सरळ, टाचा रुतवून, कमरेतून मागे झुकायचं. सगळ्यांचं पाऊल एका हुकमावर.

घड्याळजी
वेळ घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. घड्याळ आवाजावर नाही, स्टार्टच्या पिस्तुलाच्या धुरावर किंवा टाळीची फळी मिटताना दिसते त्यावर दाबा. आवाजाला १०० मीटर यायला जवळपास ०.३ सेकंद लागतं. तिघे टाइमर, मधली वेळ धरायची, आणि हातघड्याळाची वेळ पुढच्या दशांशावर न्यायची: १२.३२ आलं तर १२.४. फिनिशला छाती बघा, पुढे काढलेला हात किंवा डोकं नाही. आणि टाइमर म्हणून कुणाच्या मोठ्या भावाला बसवू नका.

मांजलपूरकर
बॅटन बदलीचं कुणीच लिहिलं नाही, माझाच धागा आणि मलाच काम. बदलीचा पट्टा आता ३० मीटर, आधी २० आणि त्यामागे १० मीटर धावत यायला असायचे. २०० च्या ट्रॅकवर ४ बाय १०० ला पहिली आणि तिसरी बदली एकाच कोपऱ्यात येते, पण खुणा वेगळ्या. चौथ्या लेनला पहिल्या बदलीची खूण मूळ रेषेपासून ३४.५ मीटर पुढे, तिसरीची ११.५ मीटर. एकाच पांढऱ्या रंगात मारल्या तर पोरं चुकीच्या पट्ट्यात उभी राहतात, दरवर्षी. पहिलीला गुलाल, दुसरीला पांढरी, तिसरीला हळद. गुलाल वाऱ्याने उडतो, पाण्यात कालवून मारा.

सुरसागरची बगळी
हळदीची रेघ! मैदानाचं लग्न लावताय का दादा

रावपुऱ्याची सून
आता जेवणाचं. स्वयंसेवक आणि पंच मिळून १०० धरा. सेव-उसळीला कोरडे वाटाणे ५ किलो, रात्री भिजवून, भिजल्यावर दुप्पट होतात. सोडा चिमूटभरच, जास्त झाला की वाटाण्याचं पिठलं. जाड सेव ४ किलो, कांदा ३ किलो, पाव २५०. तरी वेगळ्या पातेल्यात, पहिल्या पन्नासांनी सगळी ओतून घेतली तर पुढच्यांना पिवळं पाणी. हिरवी लसूण आलीये बाजारात, ती हात राखून नका घालू. धावणाऱ्यांना मात्र शर्यत संपेपर्यंत उसळ नाही. त्यांना लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळून.

पीटीवाल्या मॅडम
आणखी एक, मग जाते. एका विद्यार्थ्याला तीन वैयक्तिक प्रकार आणि एक रिले, त्याहून जास्त नाही. लहान कॉलेजात तेच पाच जण सगळीकडे धावतात, बाकी दीडशे झाडाखाली बसून फोन बघतात. पोत्यांची शर्यत, तीन पायांची शर्यत त्यांच्यासाठीच असते. पोती तागाची घ्या, प्लॅस्टिकची गवतावर घसरतात. तीन पायांच्या शर्यतीला सुतळी नको, जुन्या ओढणीची पट्टी, घोट्याच्या वर.

हुतूतू
मॅडम, तीन पायांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून की आपापल्या?

पीटीवाल्या मॅडम
चिठ्ठ्या. आणि मुलं-मुलं, मुली-मुली. नाहीतर प्रिन्सिपलांची चिठ्ठी येते.

सयाजीबागेतली खार
😂 सून, ती ५ किलोची उसळ कधी आणि कुठे?

रावपुऱ्याची सून
आधी दोर परत कर माझा, गेल्या होळीपासून तुझ्याकडे आहे.