अवॉर्डवाल्या क्वीअर शॉर्ट फिल्ममध्ये गाव म्हणजे निस्ती पळून जायची जागा आहे का?

झाडीतला मास्तर
दिवाळीत पुण्यावरून भाचा आला, लॅपटॉपमध्ये पाच-सहा क्वीअर, म्हणजे समलिंगी अन् तशा लोकांवरच्या, शॉर्ट फिल्म घेऊन, साऱ्या कुठं ना कुठं अवॉर्ड घेतलेल्या. दोन रात्री बसून पाह्यल्या. फिल्म चांगल्या आहेत, मी विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर लोक मानगूट धरतील. पण एक गोष्ट खटकली. पोरगा गावचा असला की शेवटी तो एसटीत बसतेच. बॅग, खिडकी, मागं जाणारी झाडं, बासरी, खतम. आता आमच्या गावात एक जण आहे, पन्नाशीचा, लग्न केलं नाही, धान लावते, म्हाताऱ्या मायचं सारं करते, सीझनमध्ये वडसाच्या नाटक कंपनीचे पडदे बांधाले जाते. साऱ्या गावाले समजते, तोंडावर कोणी बोलत नाही. तेच्यावर फिल्म कोन काढन? तो रडत नाही म्हणून ज्युरीले तो दिसतच नाही. अशा फिल्म शहरातल्या ज्युरीसाठी असतात, आपल्यासाठी नाही, असं माझं मत. बोला.

सोयाबीन5328
मास्तर, माझं नाव वाच. तो सोयाबीनचा हमीभाव आहे 2025-26 चा, मार्केट यार्डात किती मिळून रायला ते एकदा जाऊन पाय अन् मंग फिल्मच्या गोठी कर. हे सारे पुण्या-मुंबईचे अन् फॉरेनचे चाळे आहेत, आपल्या इकडं असं काई नव्हतं बाप्पा.

तुमसरची
नव्हतं?? खडी गंमत, तमाशासारखा खेळ, नाही पाह्यला का भाऊ कधी? आमच्या भंडाऱ्याकडं रात्रभर चालायचा, नाच्या लुगडं नेसून उभा राहिला की तुमच्याच आजोबाच्या वयाचे लोक खिशातून नोट काढायचे. दंडारीच्या खेळात पण बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. तेव्हा फॉरेन कुठून आलं होतं?

सोयाबीन5328
कायले काय बी जोडता ताई. नाच्या कलाकार होता, तेले घरी बायको-लेकरं होते. लुगडं नेसलं म्हणजे तसा होते का?

तुमसरची
हा पॉइंट बरोबर आहे, मान्य. नेसणं वेगळं अन् असणं वेगळं. पण स्टेजवर शिट्टी अन् सकाळी पानठेल्यावर त्यालेच ‘बायल्या’, हे तर तुम्ही पण ऐकलं असन ना? अन् ह्या साऱ्या गोठी पुरुषांच्याच चालल्या आहेत, बायांचं कोणी बोलतच नाही. मास्तर, तुम्ही ‘उ उषाचा’ पाहा, रोहन कानवडेची, 2019 ची शॉर्ट फिल्म. उषा शेतमजूर आहे, एकटी आई, लिहिता-वाचता येत नाही. शाळेतली बाई तिले आवडायला लागते अन् त्या ओढीनं ती अक्षरं गिरवायला लागते. यात एसटी कुठं आहे सांगा.

टॉकीज बंद
त्याच डायरेक्टरची ‘साबर बोंडं’ का? 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं म्हणे.

तुमसरची
हो तोच, पण ती शॉर्ट नाही, पूर्ण पिक्चर आहे. त्यात तर उलटंच, मुंबईचा पोरगा बाप गेल्यावर दहा दिवसांसाठी गावाले येते अन् जीव लावणारा माणूस तेले गावातच भेटते.

टॉकीज बंद
तेच तर म्हणतो, कुठं पाहायचं? आमच्या तालुक्याचं टॉकीज कधीचं मंगल कार्यालय झालं. शॉर्ट फिल्मचं तर आणखी वाईट, फेस्टिव्हलवाल्यांना बरेचदा ऑनलाइन न टाकलेली पाहिजे असते म्हणून बनवणारा वर्ष-दीड वर्ष यूट्यूबवर टाकत नाही, मग त्याच शे-दोनशे लोकांनी पाहायची अन् त्यांनीच टाळ्या वाजवायच्या. मुंबईत 2010 पासून क्वीअर फिल्मचा कशिश फेस्टिव्हल होतो, चांगलंच आहे, पण गडचिरोलीवरून जायचं म्हणजे रात्रभराचं रिझर्वेशन अन् घरी सांगायचं काय?

गेलेला
यवतमाळ जिल्ह्यातला आहे, 2014 ला निघालो, आता पुण्यात. मास्तर, तुम्हाला तो खिडकीवाला सीन बोअर होतो पण सॉरी, तो माझा सीन आहे. बासरी नव्हती, ड्रायव्हरनं अजय-अतुल लावलं होतं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं आम्हाला 377 मधून, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, सोडवलं पण भावाच्या हातातली काठी काही कोर्ट काढून घेत नाही ना. आणि तुमचा तो पन्नाशीवाला खुश आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? ‘तोंडावर कोणी बोलत नाही’ हे तुम्हाला चांगलं वाटून राहिलं, त्याला पण वाटते का, विचारलं कधी?

निळी पाटी
सगळे गाव-गाव करून राहिले, पण गावात कोणाचं घर कुठं आहे ते कोणी बोलेना. आमच्या वस्तीतल्या पोरीनं असं काही केलं तर आधी जात काढतील मग बाकीचं. नीरज घेवानची ‘गीली पुच्ची’ पाहा, 2021 ला ‘अजीब दास्तान्स’ या चार गोष्टींच्या पिक्चरमध्ये आलेली. कारखान्यात मशीनवर काम करणारी दलित बाई, टेबलावरचं काम तिला देत नाहीत, जीव जडतो तो बामनाच्या सुनेवर. शेवटी त्या घरात इतरांना कपबशीत चहा अन् हिला स्टीलच्या भांड्यात. ती ना रडत ना पळत, ती हिशोब करते. मला ती एकच फिल्म खरी वाटली, बाकीच्यांमध्ये लोकांना आडनावंच नसतात.

सोयाबीन5328
चहाची गोठ खरी आहे. बाकीचं नाई पटत.

झाडीतला मास्तर
गेलेला भाऊ, तुमचं वाचून चार दिवस काही लिहिलं नाही. काल सांजच्याले त्याच्या घरी गेलो, भाच्याच्या फिल्मातली एक मोबाइलवर लावून देली, म्हटलं पाय. विचारणार होतो पण तोंडातून शब्दच निघाला नाही, इतक्या वर्षांत कधी असं बोललोच नाही ना. अर्धी झाली असन, आतून माय खोकलली तसा तेनं मोबाइल पालथा ठेवला अन् मले विचारते, मास्तर, यंदा रोवणीले मजूर काय भावानं मिळाले? एसटीचा शेवट मले आजही आवडत नाही. पण ‘तोंडावर कोणी बोलत नाही’ हे जे मी कौतुकानं लिहिलं होतं ते मागं घेतो. राहिलेली फिल्म पाहाले तेनं शनिवारी बोलावलं आहे, माय त्या दिवशी लेकीकडं जाणार आहे म्हणे.