सरासरी चाल ४८ आणि सरासरी वेग शून्य: गाडी धावली तरी वेग शून्य काहून?

प्रश्न (अकरावी विज्ञान, मानेवाडा)

गणित असं आहे: एक मोटरसायकल सीताबर्डीहून बुटीबोरीला ताशी ६० किमीनं जाते आणि त्याच रस्त्यानं ताशी ४० किमीनं परत येते. सरासरी चाल आणि सरासरी वेग काढा. माझं उत्तर ५० येतं, पण उत्तरसूचीत ४८ आहे. सरासरी वेग तर शून्य दिलाय. गाडी तर सारखी धावत होती, मग वेग शून्य काहून? शिवाय गणितात अंतरच दिलेलं नाही, तर ४८ आलं कुठून?

उत्तर १

चूक पहिल्याच पायरीत आहे. ६० आणि ४० यांची बेरीज करून दोननं भागणं तेव्हाच चालतं, जेव्हा दोन्ही चालींनी सारखा वेळ प्रवास झालेला असतो. इथं सारखं आहे ते अंतर.

जाण्याचं अंतर २४ किमी धरा. ताशी ६० नं २४ मिनिटं लागतील, ताशी ४० नं ३६ मिनिटं. गाडी कमी चालीनं जास्त वेळ धावली, म्हणून सरासरी ४० कडे ओढली जाते. एकूण ४८ किमी, एकूण ६० मिनिटं, म्हणजे ताशी ४८ किमी. २४ च्या जागी १२ धरा किंवा ३० धरा, उत्तर ४८ च येईल, कारण भागाकारात अंतर कटून जातं. म्हणून ते गणितात दिलेलं नाही. सूत्र हवं असेल तर: चालींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले चालींची बेरीज. पण ते फक्त दोन टप्पे सारख्या अंतराचे असतील तेव्हाच वापरा. तीन टप्पे आले की सरळ एकूण अंतर भागिले एकूण वेळ करा.

थांबलेला वेळही धरायचा असतो, हे बरेच जण विसरतात. बुटीबोरीला १० मिनिटं थांबले तर एकूण वेळ ७० मिनिटं आणि सरासरी चाल ताशी सुमारे ४१.१ किमी.

उत्तर २

वेग शून्य का, ते बघू. चालीत कापलेलं अंतर मोजतात, वेगात विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतची सरळ रेषा, दिशेसह. गाडी निघाली सीताबर्डीहून आणि थांबलीही सीताबर्डीलाच. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. वाटेतल्या कोणत्याही क्षणी वेग शून्य होता असा त्याचा अर्थ नाही. जाताना दक्षिणेकडे जेवढं सरकलो तेवढंच येताना उत्तरेकडे सरकलो, दोन्ही एकमेकांना कापून गेलं, इतकंच.

शून्य न येणारं उदाहरण घ्या, त्यात फरक जास्त स्पष्ट दिसतो. खापरीहून मेट्रोच्या ऑरेंज लाइननं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून ॲक्वा लाइननं प्रजापती नगरच्या दिशेला. सोयीसाठी पहिला टप्पा सरळ उत्तरेला १२ किमी, दुसरा सरळ पूर्वेला ५ किमी आणि गाडी बदलण्यासकट एकूण वेळ ४० मिनिटं धरू (मार्गाला प्रत्यक्षात वळणं आहेत, आकडे गणितापुरते).

अंतर १७ किमी, सरासरी चाल ताशी २५.५ किमी.
विस्थापन पायथागोरसच्या प्रमेयानं १३ किमी, सरासरी वेग ताशी १९.५ किमी, उत्तरेकडून पूर्वेला सुमारे २२.६ अंशांवर.

दिशा लिहिल्याशिवाय वेगाचं उत्तर पूर्ण होत नाही. नुसतं १९.५ म्हणजे फक्त परिमाण झालं. आणि एक पडताळा नेहमी करा: सरासरी वेगाचं परिमाण सरासरी चालीपेक्षा कधीच जास्त येत नाही. जास्त आलं तर विस्थापन चुकलंय. दोन्ही सारखे फक्त सरळ रेषेत, मागं न वळता झालेल्या प्रवासात येतात.

उत्तर ३

वर वेळेच्या सारख्या टप्प्यांबद्दल सांगितलं, त्याला जोडून. एकसमान त्वरण असेल (म्हणजे वेग सारख्या दरानं बदलत असेल) तर आरंभीचा आणि अंतिम वेग मिळवून दोननं भागतात, त्यातून सरासरी वेग येतो, चाल नव्हे. वस्तू मध्येच उलटी फिरली की इथं हमखास घसरायला होतं.

समजा स्थान (मीटरमध्ये) = ६ × वेळ − वेळेचा वर्ग. तिसऱ्या सेकंदाला वस्तू ९ मीटरवर पोचते, तिथून मागं फिरते आणि पाचव्या सेकंदाला ५ मीटरवर येते. विस्थापन ५ मीटर, सरासरी वेग सेकंदाला १ मीटर. अंतर ९ + ४ = १३ मीटर, सरासरी चाल सेकंदाला २.६ मीटर. आरंभीचा वेग ६, अंतिम वेग −४, त्यांची सरासरी १. वेग बरोबर आला. पण ऋण चिन्ह टाकून ६ आणि ४ ची सरासरी ५ काढली, तर ती ना चाल ना वेग. म्हणून आधी वेग शून्य कधी होतो ते शोधा आणि अंतर दोन तुकड्यांत काढा.

वेग-काल आलेखात हेच दिसतं: अक्षाखालचं क्षेत्रफळ वजा केलं तर विस्थापन, मिळवलं तर अंतर.

प्रश्नकर्ता

समजलं, धन्यवाद. शेवटची शंका: स्थान नागपूरच्या झिरो माइल दगडापासून मोजलं, तर विस्थापन म्हणजे झिरो माइलपासूनचं अंतर का?

उत्तर २

नाही. झिरो माइल हा फक्त आरंभबिंदू झाला. उत्तर दिशा धन धरा. कोणी दक्षिणेला ७ किमीवरून (−७) निघून उत्तरेला ४ किमीवर (+४) पोचला, तर विस्थापन ४ − (−७) = ११ किमी उत्तरेला. ४ नाही, ३ ही नाही. आता आरंभबिंदू १२ किमी दक्षिणेला सरकवा: स्थानं +५ आणि +१६ होतात, फरक ११ च राहतो.