वाघानं धरलं तं भरपाई, मंग लसीनं धरलं तं काऊन नाई?

कापूसवाला, यवतमाळ
आमच्या भाऊजीले जून २०२१ मधे झेडपीच्या शाळेत कोविशिल्डचा पहिला डोस देल्ला. बारा-तेरा दिवसांनी सकाळी बैलाले पानी पाजाले उठले अन् बादली हातातून सुटली, म्हने बोटात ताकदच नाई, मुंग्या येऊन राहिल्या. सांजच्याले उभं राहता येईना, तिसऱ्या दिवशी चहाचा घोट नाकातून बाहेर. नागपूरले नेलं तं डॉक्टर म्हने जीबीएस, गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हनजे रोगाशी लढनारी आपलीच ताकद आपल्याच नसांवर उलटते. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन चढवलं, त्या बाटल्यांपायी दीड एकर गहान गेलं. आता काठीनं चालतात पन फवारनीचा पंप काई पाठीवर घेता येत नाई.
मी लसीच्या विरोधात नाई, मी सोता डोस घेतले. पन सर्वायच्या भल्यासाठी दवंडी देऊन टोचलं, तं त्यात लाखात एखाद्याले लागलं त्याचं सर्वायनं पाहा लागते का नाई? वाघानं मानूस मारला तं वनविभाग म्हनत नाई का आधी वाघाची चूक सिद्ध करा. पंचनामा करते अन् मदत देते. इथं काऊन नाई?

मास्तर
वाचून वाईट वाटलं भाऊ. पण डोसानंतर झालं म्हणजे डोसानंच झालं असं धरून चालता येत नाही. जानेवारी २०२५ मधे पुण्यात सिंहगड रोडकडे जीबीएसचे इतके पेशंट निघाले ते काय लसीनं? पाणी खराब, कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जुलाब करणारा जीवाणू. भाऊजींना आधी जुलाब लागले होते का, ते विचारा.

कापूसवाला, यवतमाळ
लागले होते दोन दिवस, खोटं कायले सांगू. पहिल्या पान्यानं आमच्याकडे अर्ध्या गावाले लागतात. पन सप्टेंबर २०२१ मधे युरोपच्या औषध यंत्रनेनं याच लसीच्या, तिकडं ॲस्ट्राझेनेकाची म्हनतात तिच्या, दुष्परिनामात जीबीएस टाकलं, अती दुर्मीळ म्हनून. मंग भाऊजीले जुलाबानं झालं का लसीनं, हे कोन ठरवनार? मी बी नाई अन् तुमी बी नाई मास्तर.

एक आशाताई
दादा तुमचं दुःख खरं आहे पण हे असं लिहिलेलं उद्या व्हॉट्सॲपवर फिरते, अर्धं कापून, अन् शिव्या आम्ही खातो. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ लेकरांना पोलिओच्या जागी सॅनिटायझर पाजलं गेलं, आठवते नं? त्याच्यानंतर माझ्या वस्तीत एक आजी मले बाटली हातात घेऊन वास घेऊ दे म्हणे, मगच नातवाचं तोंड उघडू देल्लं. तिची चूक नाही. पण एका घरानं गोवरची लस नाकारली का बाजूची दोन घरं पाहून नाकारतात.

संत्रावाला
अन् भरपाई सुरू झाली का पाहा मग गंमत. आमच्या गावात गुडघे दुखले लसीनं, केस गेले लसीनं, एकाची म्हैस आटली तरी लसच! वीज पडून शेतकरी गेला तर मुंडे अपघात योजनेचे २ लाख आहेत, त्याच्यासाठी माझ्या काकूनं तलाठी ते तालुका किती चपला झिजवल्या ते मले विचारा. अजून एक योजना म्हणजे अजून दहा दलाल.

कोर्टकचेरी, अमरावती
दलाल होतील म्हणून योजनाच नको हे काही पटत नाही. नोव्हेंबर २०२२ मधे केंद्रानं सुप्रीम कोर्टात लिहून देल्लं की लसीनंतरच्या मृत्यूला सरकार जबाबदार नाही, नुकसानभरपाई पाहिजे तर दिवाणी कोर्टात जा. दोन मुलींच्या आईबापांची केस होती ती. आता दीड एकर गहाण टाकलेला माणूस कंपनीचा निष्काळजीपणा कुठून सिद्ध करणार? गंमत पाहा, लसीच्या ट्रायलमधे इजा झाली तर २०१९ च्या नियमात भरपाई आहे, ट्रायल संपून गावात आली तेव्हा अशी योजनाच नव्हती. अमेरिकेत १९८६ चा कायदा आहे, डोस जितक्या रोगांवरचा, त्या दर रोगामागं ७५ सेंट कर लावून फंड केला, फ्लूच्या लसीनं जीबीएस झालं तर त्यातून मिळते. ब्रिटनमधे १९७९ पासून आहे, १ लाख २० हजार पौंड, पण अपंगत्व ६० टक्के पाहिजे. ५५ वाला बसला बोंबलत.

मास्तर
फंडाला माझा विरोध नाही. कारण तपासायचंच नाही, याला आहे. वाघाच्या पंचनाम्यातही पंजा पाहतातच नं?

कापूसवाला, यवतमाळ
हे मानलं.

एक आशाताई
दादा, तेव्हा एईएफआयचा, म्हणजे लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदीचा, फॉर्म भरला होता का? लसीनंतर काही गंभीर झालं तर पीएचसीला कळवा लागते, मग जिल्ह्याची समिती चौकशी करते, अन् लसीनं झालं, टोचण्यातल्या चुकीनं झालं का योगायोग, ते वरची राज्याची-केंद्राची समिती ठरवते.

कापूसवाला, यवतमाळ
कोनाले मालूम ताई? नागपूरच्या डिस्चार्ज कार्डावर लसीचा शब्दच नाई. जुलाबाचा आहे.

मास्तर
मग ती फाईल "माहिती अपुरी" मधेच जाईल.

एक आशाताई
लसीचं सर्टिफिकेट काढा आधी, त्याच्यावर बॅच नंबर असते. अन् डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. मी आमच्या सिस्टरला विचारते जुनी केस घेतात का.

कापूसवाला, यवतमाळ
सर्टिफिकेटचा ओटीपी आमच्या बहिनीच्या जुन्या नंबरवर जाते नं. रिचार्ज केलं नाई म्हनून तो नंबर कवाचाच बंद झाला. उद्या तालुक्याले मोबाईलच्या दुकानात विचारतो, तोच नंबर परत भेटते का.