जर्मनीत शिकायला जातेय, तिथे मंडळी (चर्च) कशी शोधू?

ऐरोलीची_लेक
सगळ्यांना सलाम. ऑक्टोबरपासून आखेनला मास्टर्स सुरू होतंय. आम्ही राहायला ऐरोलीत, पण मंडळी ठाण्याची. रविवारी ट्रान्स-हार्बरने उपासनेला जायचं, मग तरुण संघ, रोज रात्री घरी कौटुंबिक प्रार्थना. खरं सांगायचं तर आई हाक मारते म्हणून बायबल उघडलं जातं. घरचे म्हणतात, ख्रिस्ती देश आहे, काळजी कसली! मला नेमकी तीच वाटतेय. जर्मन मोडकंतोडकं येतं. इंग्रजी चर्च बघू की भारतीयांची फेलोशिप?

कळव्याचा_भाऊ
ख्रिस्ती देश वगैरे विसर. साध्या रविवारी भल्यामोठ्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर आजी-आजोबा, मागे सगळा शुकशुकाट. पण तिकडे विश्वास कोणी हिरावून घेत नाही गं. रविवारी कपडे धुवायचे असतात, असाइनमेंट राहिलेली असते, बाहेर पाऊस असतो. असेच रविवार जातात आणि कोणी विचारतही नाही.

म्हणून गेल्या गेल्या विद्यार्थी-मंडळी गाठ. बहुतेक विद्यापीठांच्या गावी प्रोटेस्टंटांची ईएसजी आणि कॅथलिकांची केएचजी असते. त्यांचे पाळक (पाद्री) विद्यार्थ्यांसाठीच नेमलेले असतात. प्रार्थना होते, एकत्र स्वयंपाक होतो, आणि परदेशी विद्यार्थी खरोखर अडचणीत आला तर मार्गही काढून देतात. शिवाय एसएमडी ही ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना आहे, १९४९ पासूनची. आपल्याकडे कॉलेजांत यूईएसआयचे (ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे) गट असतात ना, त्यांचीच जर्मन भावंडं समज. दोन्ही आयएफईएस या जागतिक संघटनेत येतात.

एक व्यवहाराची गोष्ट. पत्त्याची नोंदणी करताना फॉर्मवर धर्माचा रकाना येतो. तिथे ‘इव्हँगेलिश’ (म्हणजे प्रोटेस्टंट) लिहिलंस की चर्च-कराच्या यादीत नाव. आखेनच्या राज्यात हा कर ९ टक्के, पण पगाराच्या नव्हे, आयकराच्या. पार्टटाइम कामावर आयकर बसला नाही तर हाही शून्य. घाबरून काही खोटं लिहू नकोस, काय लिहितेय ते समजून लिही. नंतर नाव काढायचं तर कचेरीत जाऊन रीतसर अर्ज करावा लागतो.

खारघरची_मावशी
भारतीय फेलोशिपमध्ये जा बाळा. आजारी पडलीस तर डाळभात तेच आणून देतील.

कळव्याचा_भाऊ
मावशी, डाळभाताला विरोध नाही :) पण फक्त तिथेच गेली तर आखेनमध्ये राहून ऐरोलीतच राहील. महिन्यातून एकदा तिकडे, एरवी गावातल्या चर्चमध्ये. भाषा येत नसली तरी गीतांचे आकडे भिंतीवरच्या फळीवर लावलेले असतात, पुस्तक उघडून उभं राहता येतं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळे जर्मनमध्ये म्हणतात, तू खुशाल ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हण. आणि उपासना संपल्यावर कॉफी असते, तिला थांब. ओळखी तिथेच होतात.

मुलुंड_चेकनाका
पंडिता रमाबाई आठव. वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या, ऐकू कमी येत असल्याने ते राहिलं. १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत-शिकवत राहिल्या. वाँटेजच्या मठातल्या ज्या सिस्टरांनी सांभाळलं, त्यांच्याशीच पत्रांतून कडाकडा वाद घातले. चर्च सांगतं म्हणून मान्य, हे त्यांना चालायचं नाही. तूही प्रश्न गिळू नकोस, विद्यार्थी-पाळकांना थेट विचार. आपल्याकडे तरुण संघात प्रश्न विचारला की ‘प्रार्थना कर’ म्हणून बसवतात, त्याने कोणी वाढत नाही.

वाशी_सेक्टर१७
सावध एकाच गोष्टीत. नव्या विद्यार्थ्यांना गोड बोलून ओढणारे गट सगळीकडे असतात. रोज संध्याकाळी यायलाच हवं, बाकी चर्च खोटी, घरी फोन कमी कर, अशी भाषा आली की निघायचं.

ऐरोलीची_लेक
मनापासून आभार. कराचं तर आमच्यात कोणाला ठाऊकच नव्हतं. आई विचारतेय, ठाण्याची उपासना ऑनलाइन बघता येईल ना?

कळव्याचा_भाऊ
इथली सकाळची नऊची उपासना म्हणजे तिकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेचार. उठशील का? त्यापेक्षा आईची रात्री साडेनऊची प्रार्थना धर, तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजतात, उन्हाळ्यात सहा. फोन स्पीकरवर ठेवायचा. पण वचन निवडायची पाळी आता तू घे. आणि पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि इंग्रजीत पत्र आत्ताच मागून ठेव, सप्टेंबरात सगळ्यांचीच धावपळ असते.