मदत हवी आहे: .३१५ रायफलीत दुसरी गोळी अडकते

रावेरकडे केळीच्या मळ्यात घर, जवळ वस्ती नाही. आबांची .३१५ बोल्ट रायफल आता माझ्या परवान्यावर आहे, कागदांचा प्रश्न नाही. मॅगझिन भरलं की पहिली गोळी नीट चढते, दुसरीचं टोक खाली झुकून अडतं. एकेक हाताने घातली तर बोल्ट सरळ बंद होतो. घट्ट झालेलं जुनं तेल पुसलं, काडतुसं नवी घेतली, वरच्या काडतुसाच्या बुडाची कड खालच्याच्या पुढे ठेवून भरली. फरक शून्य. मॅगझिनचे ओठ (काडतुसं धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) पकडीने वाकव, असं एकाने सांगितलं. ती हिंमत नाही, बिघडलं तर दुसरं मॅगझिन कुठून आणू? स्प्रिंग थकली की ओठ पसरलेत, हे डमी (दारू नसलेल्या) काडतुसांवर कसं ओळखायचं? आणि जळगाव-धुळ्याकडे परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला कुणाला माहीत आहे का?